आधी टोचणी, मग औषध

आपल्या गटात पन्नाशी-साठी पार केलेल्या ज्या मावश्या-आत्या आहेत, त्यांचे हात जरा निरखून बघा. बऱ्याच जणींच्या हातावर गोल, खोलगट वण दिसेल. ‘लहानपणी देवी काढल्या’ असं त्या सांगतील. आज आम्ही त्या वणाचा इतिहास सांगणार आहोत. जालन्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या आपल्यातल्या एखादीला हा इतिहास आज, प्रत्यक्ष उपयोगी पडू शकतो, म्हणून तो सांगायचा.

मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा एक आजार आहे. थोडक्यात त्याला एमएस म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती, म्हणजे आपली राखणदारच, यात चुकून मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते. विजेच्या तारेवर जसं रबरी वेष्टण असतं तसं मज्जातंतूंवर असतं, ते ती कुरतडते. मग एका डोळ्याला अंधुक दिसतं, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, खूप थकवा येतो. हा आजार बहुतेक वेळा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. घरात मात्र ‘अशक्तपणा आहे’, ‘कामाचा कंटाळा करते’ असंच म्हटलं जातं.

१८६८ साली पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी हा आजार नीट ओळखून मांडला. त्यानंतर सव्वाशे वर्षं त्याचे झटके कमी करणारं खात्रीचं औषध नव्हतं. १९९३ साली इंटरफेरॉनची सुई आली आणि पुढे आणखी जोरकस औषधं आली. रिटुक्सिमॅब हे मूळचं रक्ताच्या कर्करोगाचं औषध, १९९७ सालचं. आपल्याकडे आज ते एमएससाठीही वापरतात. त्याच जातीचं ओक्रेलिझुमॅब २०१७ साली आलं. ही औषधं उलटलेल्या राखणदाराचा जोर कमी करतात, म्हणून झटके थांबतात. पण राखणदार मवाळ झाला की खऱ्या चोरालाही वाट मोकळी होते. आणि लस दिली तर ती ‘शिकून’ घेणाऱ्या पेशीच कमी झालेल्या असतात. करोनाच्या काळात हे जगभर दिसलं. ही औषधं चालू असलेल्या पुष्कळ जणांच्या रक्तात लस घेऊनही प्रतिपिंडं फार कमी तयार झाली.

म्हणून लस आधी आणि औषध मागून. आपला जालना बियाण्यांचं गाव. बीजप्रक्रिया पेरणीच्या आधी करायची असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एकदा बी मातीत गेलं की ती करता येत नाही. इथेही तसंच आहे.

पण कोणती लस किती आधी घ्यायची? याचं उत्तर मुंबईच्या दोन जुन्या गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट १८०२ सालची. देवीच्या रोगाने तेव्हा गावंच्या गावं ओस पडत. जी वाचत त्यांचे चेहरे वणांनी भरत, कुणाचे डोळे जात. इंग्लंडमध्ये जेन्नर यांनी गाईच्या देवीपासून लस शोधली होती. ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एका माणसाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी जिवंत ठेवत मुंबईला आणली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतात देवीची लस घेणारी ती पहिली. तिच्या हातावरच्या फोडातल्या लशीने पुढे मुंबईतली इतर मुलं टोचली आणि तिथूनच लस पुणे, सुरत, मद्रासकडे गेली. म्हणजे ही लस जिवंत होती. दुबळा केलेला किंवा सौम्य जंतू शरीरात थोडा वाढतो आणि राखणदार त्याच्याकडून शिकतो. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या आजच्या लशी याच प्रकारच्या आहेत.

दुसरी गोष्ट प्लेगची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जंतू वाढवले, उष्णता देऊन मारले आणि त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वखुशीने पुढे आले. परळच्या ज्या संस्थेला आज हाफकिन यांचं नाव आहे, तिचं मूळ या कामात आहे. ही लस मेलेल्या जंतूंची होती. ती शरीरात वाढू शकत नाही. कावीळ ब, न्यूमोनिया, धनुर्वात यांच्या लशी आणि फ्लूची सुई याच गटात येतात. त्यांत जिवंत जंतू नसतो.

त्याच वर्षी, बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. लस तयार झाली होती, पण ती लोकांपर्यंत अजून पोचायची होती. लशीचा सगळा इतिहास वेळेचाच आहे, मैत्रिणींनो.

आता या दोन गोष्टींचा हिशेब मांडू. राखणदाराला मवाळ करणारं औषध चालू असताना जिवंत लस देत नाहीत, कारण तो दुबळा जंतूही बळावू शकतो. ओक्रेलिझुमॅबसाठी जिवंत लस निदान चार आठवडे आधी आणि इतर लशी जमल्यास निदान दोन आठवडे आधी पूर्ण कराव्यात, असा नियम आहे. मोठ्या माणसाला कांजिण्यांच्या लशीचे दोन डोस लागतात, त्यांत निदान चार आठवड्यांचं अंतर असतं. त्यावर आणखी चार आठवडे धरले की झाले दोन महिने. म्हणून औषधाचं नाव निघताच लशीचं विचारायचं. कांजिण्या येऊन गेल्या की नाही हे आठवत नसेल, तर रक्त तपासून कळतं. गरोदरपणात मात्र जिवंत लस देत नाहीत. दिवस राहिले असतील किंवा राहायची शक्यता असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

कावीळ ब बद्दल जास्त सावध राहायला हवं. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने पुन्हा उसळून यकृत निकामी करू शकतो. म्हणून औषधाआधी त्याची रक्ततपासणी होते, क्षयाचीही चौकशी होते. हैदराबादच्या कंपनीने १९९७ साली ही लस देशात स्वस्तात तयार केली. बाळांच्या सरकारी लसीकरणात ती २०११ च्या सुमारास देशभर आली. म्हणजे आज पंचविशी-तिशीत असलेल्या बहुतेक जणींना ती लहानपणी मिळालेली नाही. तिचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत होतात. घाई असेल तर डॉक्टर कमी अंतराने देऊ शकतात.

‘लशीनेच एमएस होतो’ असं कुणी म्हणेल. ही शंका फ्रान्समध्येही उठली होती आणि १९९८ साली तिथे शाळांमधली कावीळ ब ची लस थांबवली गेली. मग तपास झाला. २००१ साली अमेरिकेतल्या परिचारिकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लशीचा आणि एमएसचा संबंध आढळला नाही. युरोपातल्या दुसऱ्या अभ्यासात लशीने झटके वाढल्याचं दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लशीपायी औषध आपल्या मनाने लांबवायचं नाही. आजार जोरात असेल तर औषध आधी सुरू करावं लागतं, तो निर्णय डॉक्टरांचा. औषध सुरू झालं असेल तरी सगळी दारं बंद होत नाहीत. जिवंत नसलेल्या लशी दोन सलाईनच्या मधल्या काळात बघून देता येतात. घरातल्या लेकराबाळांच्या लशी थांबवू नका. घरचे सुरक्षित, तर तीही सुरक्षित.

जिल्हा रुग्णालयात किंवा संभाजीनगरला घाटीत जाताना जुनी लसीकरणाची कार्डं पिशवीत घाला. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर ते कार्डही घ्या. त्यावर कामगाराच्या कुटुंबाचेही उपचार होतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, म्हणून प्रमाणपत्राचीही चौकशी करा. आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : औषध कधी सुरू होणार? त्याआधी माझ्या कोणत्या लशी राहिल्या आहेत? त्यांतली जिवंत कोणती?

येत्या बैठकीत हे तीन प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा. कुणाला केव्हा लागतील, सांगता येत नाही.