माळावरची नगरी आणि तिचे कामकरी

इतिहास म्हटला कीं आपणांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. ज्यांच्या श्रमानें एखादी नगरी वसली, त्यांची नोंद बखरींत क्वचितच सांपडते. आज मी आमच्या बारामती-इंदापूर भागांतील वालचंदनगर आणि तेथील कामकरी यांजविषयीं चार शब्द बोलणार आहें.

हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा काढण्यांत आला, आणि १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी या तालुक्यांत खेळूं लागलें. पुढें १९२७-२८ मध्यें भाटघरचें नवें धरण पुरें झालें. १९३२ सालीं सरकारनें परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली. पाणी आणि जकात या दोन्हींचा योग येतांच शेठ वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत कळंब गांवाजवळ १९३३-३४ च्या सुमारास साखरेचा कारखाना उभारला. १८८२ सालीं सोलापुरास जन्मलेले हे गृहस्थ आरंभीं रेल्वेचे कंत्राटदार होते. माळावर मोठें काम उठविणें त्यांस नवें नव्हतें.

परंतु माळावर यंत्र उभें केलें, तरी तें चालविणारा माणूस राहणार कोठें? म्हणून कारखान्याबरोबर चाळी आल्या, दवाखाना आला, शाळा आली. घड्याळाचें काम भोंग्यानें केलें. पावसाकडे पाहून दिवस मोजणारा कुणबी येथें प्रथमच पाळीच्या हिशेबानें जगूं लागला. ठराविक दिवशीं पगार मिळणें, ही दुष्काळी मुलखांत लहान गोष्ट नव्हे.

साखरेचें काम मात्र बारमाही नसतें. गव्हाणींत पहिली मोळी पडली कीं हंगामाचा पट्टा पडेपर्यंत चरक रात्रंदिवस फिरतो, कारण तोडलेला ऊस वाट पाहत नाहीं. तो वाळतो आणि साखर उतरते. पॅनवरील कसबी माणूस रस आटत असतां थेंब बोटांत घेऊन तार पाहतो आणि दाणा धरल्याची वेळ ओळखतो. ही विद्या पुस्तकांत शिकून येत नाहीं. फडांत कोयता चालविणारा मजूर हंगामापुरता येतो आणि जातो. त्यामुळें कामकऱ्यांत दोन वर्ग पडतात: कायम आणि हंगामी. पट्टा पडला कीं एकाच्या घरीं विश्रांति येते, तर दुसऱ्याच्या घरीं चिंता. साखर-धंद्याच्या मजुरीच्या इतिहासांतला बराच झगडा या एका भेदाभोंवतीं फिरला आहे.

दुसरी गोष्ट याहूनही नाजूक आहे. शहरांतील गिरणी-कामगाराचा मालक एक, घरमालक दुसरा आणि डॉक्टर तिसरा. कंपनीच्या नगरींत हे तिघे एकच होतात. नोकरी गेली कीं घरही जातें. निवृत्तीचा दिवस हा घर सोडण्याचाही दिवस ठरतो. ज्या हातानें दिलें, त्या हातासमोर भांडणें कठीण जातें. दाता एकच असला म्हणजे कृतज्ञता आणि पराधीनता एकाच खोलींत नांदूं लागतात.

याची कसोटी लवकरच लागली. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानें साखर कंपन्यांच्या मोठ्या शेत्या सरकारनें घेतल्या आणि १९६३ सालीं शेती महामंडळ स्थापन झालें. वालचंदनगरची शेतीही त्यांत गेली. शेतमजूर त्याच बांधावर राहिला, मालक मात्र पालटला. कायदा भूमिहीनांच्या नांवानें झाला होता. तरी राहत्या घराखालीं हक्काची जागा मिळावी म्हणून महामंडळाच्या कामकऱ्यांना अनेक वर्षें मागणी करावी लागली. मालक खाजगी असो वा सरकारी, घराचा प्रश्न आपोआप सुटत नाहीं, हाच त्याचा धडा.

यंत्रशाळेचें भाग्य निराळें ठरलें. हंगाम संपला कीं सबंध कारखाना खोलून दुरुस्त करावा लागतो. ज्याला यंत्र खोलून पुन्हां जोडतां येतें, त्याला तें घडविण्याची वाट फार दूर नसते. कंपनी पुढें साखर आणि सिमेंट कारखान्यांचीं यंत्रें बनवूं लागली, नंतर अणुशक्तीच्या आणि अवकाशाच्या कामांतही शिरली. १४ जुलै २०२३ रोजीं चंद्रयान-३ ज्या अग्निबाणानें उडालें, त्याच्या घन इंधनाच्या बूस्टरचीं कवचें घडविण्यांत वालचंदनगरच्या फिटर-वेल्डरांचा हात होता. उसाच्या फडाशेजारीं राहणाऱ्या माणसांनीं हें केलें, याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं?

वालचंद १९५३ सालीं निवर्तले. नगरीस त्यांचें नांव राहिलें, तें योग्यच आहे. परंतु एखाद्या कारखान्याची थोरवी मोजतांना आपण एवढेंच पाहूं नये कीं त्यानें किती पोतीं साखर वा किती यंत्रें दिलीं. तीस-पस्तीस वर्षें राबून भोंग्याचा निरोप घेणारा माणूस स्वतःच्या छपराखालीं गेला कीं नाहीं, हेंही विचारावें. इतिहास लिहिणाऱ्यांनीं हा प्रश्न टाळूं नये, एवढीच या जुन्या शिक्षकाची विनंती.