कासाल्स, पाब्लो

कासाल्स, पाब्लो : (२९ डिसेंबर १८७६ – २२ ऑक्टोबर १९७३). जगद्विख्यात चेलोवादक, वाद्यवृंदसंचालक व संगीतकार. मूळ कॅटलान नाव पाव कासाल्स. जन्म स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतातल्या एल व्हेंड्रेल या गावी. वडील कार्लेस हे तेथील चर्चमध्ये ऑर्गनवादक होते. आई पिलार हिचा जन्म कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर, कॅटलान कुटुंबात झाला होता. आईच्या या जन्मभूमीशी कासाल्स यांचे नाते पुढे उतारवयात जुळले. पियात्ती, पॉपर यांच्यासारखे चेलोचे नामवंत एकलवादक एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. तरी व्हायोलिन आणि पियानोच्या पंक्तीला चेलोला मानाने बसवण्याचे श्रेय बव्हंशी कासाल्स यांच्याकडे जाते.

वडिलांच्या हाताखाली ते लहानपणीच गायन, पियानो, व्हायोलिन आणि ऑर्गन शिकले. गावात आलेल्या फिरत्या वादकांकडचे एक ओबडधोबड तंतुवाद्य पाहून मुलाने हट्ट धरला, तेव्हा वडिलांनी वाळलेल्या भोपळ्याला एक तार लावून त्याला वाद्य करून दिले. तंबोऱ्याचा भोपळा रोज पाहणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. हे वाद्य सान साल्व्हाडोर येथील त्यांच्या घराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. खरा चेलो त्यांनी वयाच्या अकराव्या वर्षी, जोसेप गार्सिया यांच्या हातात प्रथम पाहिला आणि पुढे बार्सिलोनाच्या महापालिका संगीत विद्यालयात त्यांच्याचकडे ते शिकू लागले. मुलाने सुतारकाम शिकावे, असे वडिलांच्या मनात होते. आईने ते चालू दिले नाही.

त्या काळी चेलोवादकाने उजवे कोपर अंगाला चिकटवूनच गज ओढायचा, असा शिरस्ता होता. विद्यार्थ्याच्या काखेत पुस्तक देत आणि ते खाली पडू न देता वाजवायला लावीत. कासाल्स यांनी विद्यार्थिदशेतच हा दंडक मोडला आणि हात मोकळा सोडला. डाव्या हाताचेही तसेच. वरच्या स्वरावर जाताना अख्खा पंजा सरकवण्याऐवजी ते बोटे फाकवून स्वर गाठत. त्यामुळे दोन स्वरांमधली नको असलेली घसरण ऐकू येईनाशी झाली. घसीट आली तर ती वादकाने मुद्दाम घेतलेली असावी, हातांची अडचण म्हणून नव्हे, असा त्यांचा आग्रह असे. स्वरस्थानांबाबतही ते पियानोच्या समान अंतरांना बांधून घेत नसत. आपल्या परिभाषेत सांगायचे तर तार षड्जाकडे निघालेला शुद्ध निषाद ते किंचित चढा लावीत. पाश्चात्त्य वादकांना हे शिकवावे लागे. श्रुतींची सवय असलेल्या कानाला ते लगेच पटावे.

१८९० मध्ये बार्सिलोनाच्या बंदराजवळच्या एका जुन्या स्वरलिपींच्या दुकानात, वडिलांबरोबर कॅफेत वाजवण्याजोगे काही शोधत असताना, तेरा वर्षांच्या कासाल्स यांच्या हाती योहान सेबास्टिआन बाखच्या सहा चेलो सुइट लागल्या. या रचना अस्तित्वात आहेत हेच त्यांना ठाऊक नव्हते. इतरांना त्या माहीत होत्या, पण बहुतेकांच्या लेखी त्या रियाजाच्या पाठापुरत्या. मैफलीत वाजवल्याच तर एखादा तुकडा. साथीला काहीही न घेता एकट्या चेलोने सबंध सुइट श्रोत्यांपुढे मांडायची कल्पना फार थोड्यांना शिवली असेल. कासाल्स यांनी त्यांचा सुमारे बारा वर्षे रियाज केला आणि मगच त्या जाहीरपणे वाजवल्या. या सुइट मुळात नृत्यबंधांच्या माळा आहेत. ते नृत्याचे अंग त्यांनी पुन्हा जागे केले. ध्वनिमुद्रणाला मात्र त्यांनी कितीतरी वर्षे नकार दिला. अखेर साठीच्या उंबरठ्यावर, नोव्हेंबर १९३६ मध्ये, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत दुसरी आणि तिसरी सुइट मुद्रित झाली. उरलेल्या चार १९३८ आणि १९३९ मध्ये पॅरिसला झाल्या. या मुद्रणांत गजाचा खरखराट आहे, क्वचित वादकाचे हुंकारही आहेत. नंतरच्या पिढीतल्या किती तरी वादकांनी अधिक स्वच्छ आणि बाखच्या काळाशी अधिक इमान राखणारे वादन मुद्रित केले. तरी चेलो शिकणारा प्रत्येक जण एकदा तरी या जुन्या तबकड्यांकडे वळतोच.

बार्सिलोनाच्या कॅफेत वाजवणाऱ्या या मुलाला ऐकून संगीतकार इसाक आल्बेनिस यांनी माद्रिदच्या दरबारातील काउंट मॉर्फी यांच्या नावे पत्र दिले. राणी मारिया क्रिस्तिना हिचा आश्रय मिळाला, माद्रिदमध्ये शिक्षण झाले. १८९५ मध्ये पॅरिसला हे कुटुंब इतके हलाखीत होते की आईने आपले लांब केस विकले. ती ओढाताण फार काळ टिकली नाही. १८९९ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीपुढे आणि त्याच वर्षी पॅरिसच्या लामूरो वाद्यवृंदाबरोबर वादन झाल्यावर त्यांना मागे वळून पाहावे लागले नाही. १९०१ च्या अमेरिका दौऱ्यात कॅलिफोर्नियातील टामलपाइस डोंगरावर त्यांच्या डाव्या हातावर दगड कोसळला. आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही, असा सुटकेचा विचार त्या क्षणी मनात आल्याचे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. हात बरा झाला. १९०५ पासून व्हायोलिनवादक झाक तिबो आणि पियानोवादक आल्फ्रेड कॉर्तो यांच्यासह त्यांनी चालवलेले त्रयीवादन अनेक वर्षे गाजत राहिले. कासाल्स यांचे वाद्य होते अठराव्या शतकातील व्हेनिसचे कारागीर मात्तेओ गोफ्रिलर यांनी घडवलेले.

१९२० मध्ये त्यांनी बार्सिलोनात स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि सुरुवातीची तूट वादनाच्या मिळकतीतून भरून काढली. कामगारांना परवडेल अशा वर्गणीत मैफली ऐकता याव्यात म्हणून १९२६ मध्ये कामगारांची संगीतसंस्थाही सुरू केली. खाणारी तोंडे आणि राबणारे हात यांनाही बेथोव्हेन हवा असतो, ही त्यामागची धारणा होती. १८ जुलै १९३६ च्या संध्याकाळी बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू होती. दुसऱ्या दिवशी बार्सिलोनात भरणाऱ्या लोकऑलिंपिकच्या निमित्ताने ती सादर व्हायची होती. अखेरच्या समूहगानाला सुरुवात होण्यापूर्वी निरोप आला : लष्कराने उठाव केला आहे, शहरावर केव्हाही हल्ला होईल, सभागृह रिकामे करा. कासाल्स यांनी वादक-गायकांना विचारले, पुरे करायचे की थांबायचे? पुरे करायचे ठरले. डोळे भरून आल्यामुळे समोरची स्वरलिपी दिसत नव्हती, असे कासाल्स यांनी नंतर सांगितले. ती मैफल झालीच नाही.

या उठावातून पेटलेल्या यादवी युद्धात लष्करशहा फ्रँकोचा विजय झाल्यावर कासाल्स सीमेपलीकडच्या फ्रान्समधील प्राद या लहान गावी राहू लागले. हजारो कॅटलान निर्वासित छावण्यांत अडकले होते. त्यांच्यासाठी पैसा, कपडे, औषधे यांची मागणी करणारी पत्रे ते दिवसचे दिवस लिहीत बसत. हिटलर सत्तेवर आल्यापासून त्यांनी जर्मनीत वाजवणे बंद केले होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रे फ्रँकोलाही हटवतील, अशी त्यांची अपेक्षा होती. ते होत नाही असे दिसताच त्यांनी जाहीर मैफलींनाच रामराम ठोकला. जगातला सर्वांत मागणी असलेला चेलोवादक सत्तरीच्या आसपास खेड्यात बसून शिकवतो आहे, हे संगीतविश्वाला पचेना. कासाल्स बाहेर येत नाहीत, तर आपणच त्यांच्याकडे जाऊ, असे व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांनी ठरवले. १९५० मध्ये, बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, प्रादच्या चर्चमध्ये महोत्सव झाला. रुडॉल्फ सेर्किन, आयझॅक स्टर्न, योझेफ सिगेटी, क्लारा हास्किल अशी मंडळी आली. चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नव्हत्या. कासाल्स आले, बसले आणि पहिल्या सुइटने सुरुवात केली.

१९५६ मध्ये त्यांनी प्वेर्तो रिकोत बिऱ्हाड केले. तेथे त्यांच्या नावाचा महोत्सव, वाद्यवृंद आणि संगीत विद्यालय उभे राहिले. १९५७ मध्ये पहिल्या महोत्सवाच्या तालमीतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून सावरून त्याच वर्षी ऐंशी वर्षांच्या कासाल्स यांनी विशीतल्या मार्ता मोंतान्येस या शिष्येशी विवाह केला. १३ नोव्हेंबर १९६१ रोजी त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये वादन केले. १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे त्यांनी तेथेच वाजवले होते. रूझवेल्ट यांची कन्या अ‍ॅलिस दोन्ही प्रसंगी श्रोत्यांत होती. फ्रँकोच्या राजवटीला मान्यता देणाऱ्या देशात आपण जाहीरपणे वाजवणार नाही, ही त्यांची प्रतिज्ञा या मैफलीने मोडली का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. केनेडींविषयीचा आदर म्हणून त्यांनी अपवाद केला, हे त्यांचे उत्तर प्रांजळ आहे. पण प्रतिज्ञा काटेकोर राहिली नाही, हेही मान्य करायला हवे. तिचे वजन त्याने कमी झाले असे मात्र दिसत नाही.

संगीतकार म्हणून त्यांची मुख्य कृती म्हणजे ख्रिस्तजन्मावरील ‘एल पेसेब्रे’ हे कॅटलान ओरातोरिओ. निर्वासितपणात सोबत राहिलेले कवी जुआन आलाव्हेद्रा यांची ती शब्दरचना. १९६० मध्ये मेक्सिकोतील आकापुल्को येथे ते प्रथम सादर झाले आणि पुढे शांततेच्या प्रचारासाठी कासाल्स ते देशोदेशी घेऊन गेले. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांना शांतिपदक दिले. त्यावेळी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांनी ‘पक्ष्यांचे गाणे’ ही कॅटलान लोकधून वाजवली. प्वेर्तो रिकोची राजधानी सान हुआन येथे त्यांचे निधन झाले. फ्रँको त्यानंतर दोन वर्षांनी वारला आणि १९७९ मध्ये कासाल्स यांच्या अस्थी एल व्हेंड्रेलला नेण्यात आल्या.

त्यांची आवड बाख, बेथोव्हेन, शूमान, ब्राम्स आणि द्व्होर्झाक यांच्याभोवती फिरत राहिली; विसाव्या शतकातील नव्या संगीताशी त्यांचे फारसे जमले नाही. आर्नोल्ड शेन्बर्ग यांनी मोन या जुन्या संगीतकाराच्या रचनेवरून कन्चेर्टो सिद्ध करून त्यांना दिला, तो त्यांनी मैफलीत कधीच वाजवला नाही. १९३५ मध्ये लंडनला एमानुएल फॉयरमान यांनी तो प्रथम सादर केला. याउलट १९३७ मध्ये प्रागला जॉर्ज सेल यांच्या संचालनाखाली चेक फिलहार्मोनिकबरोबर मुद्रित केलेला द्व्होर्झाकचा कन्चेर्टो त्यांच्या वादनाचा सर्वांत धगधगता नमुना मानावा लागतो. गास्पार कासादो, मॉरिस आयझेनबर्ग आणि गिलेर्मिना सुजिया यांच्यावर त्यांच्या शिकवणीचा ठसा आहे. अमेरिकेतील मार्लबरो महोत्सवात ते अखेरच्या वर्षांपर्यंत तरुण वादकांचा वाद्यवृंद चालवीत.