कोकण कोठे संपते?

शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राचे तीन भाग शिकवले जातात : कोकणची किनारपट्टी, सह्याद्री आणि पठार म्हणजेच देश. फळ्यावर नकाशा काढताना आपण दक्षिणोत्तर एक रेघ ओढतो. तिच्या डावीकडे कोकण आणि उजवीकडे देश. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, की या रेघेवरच्या गावातली माणसे कोकणी की देशावरची, तर उत्तर देणे सोपे नाही.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके नेमके या रेघेच्या पायथ्याशी आहेत. मुंबईला १८९२ पासून पाणी पुरवणारा तानसा तलाव येथलाच. मुंबईकर 'कोकणात जातो' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असतात. शहापूर, मुरबाड त्याला आठवत नाहीत. उलट जुन्नर-अकोल्याच्या माणसाला हेच तालुके 'खाली कोकणात' वाटतात. हरिश्चंद्रगडाच्या प्रचंड कड्याला 'कोकणकडा' हे नाव आहे. ते वरून खाली पाहणाऱ्याने दिलेले असणार, कारण खालच्या माणसाला कोकण कड्यावर दिसण्याचे कारण नाही. म्हणजे प्रदेशाचे नाव कोण कोठे उभे राहून पाहतो यावरही ठरते. यासाठी नावे बाजूला ठेवून आपण प्रत्यक्ष खुणा तपासू.

पहिली खूण : कडा आणि पाणी

सह्याद्रीचा कडा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून झिजून तयार झाला. ही झीज कड्याला हळूहळू पूर्वेकडे सरकवत आली आहे. भूरूप म्हणून ही सीमा ठळक आहे, त्याबद्दल वाद नाही. माळशेज घाटात जलविभाजकही कड्याजवळच आहे. पश्चिम उतारावरचे पाणी काळू नदीतून उल्हास नदीला मिळते, तर पूर्वेचे पुष्पावती, कुकडी, भीमा असे करत बंगालच्या उपसागराकडे जाते.

पण कसाऱ्याच्या उत्तरेला ही जोडी फुटते. वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात, म्हणजे कड्याच्या बरीच पूर्वेला, पठारावर उगम पावते आणि तरीही पश्चिमेला वाहते. गोदावरीचा उगमही त्याच परिसरात, पण ती जाते पूर्वेला. येथे कडा एका जागी आणि जलविभाजक दुसऱ्या जागी आहे. इगतपुरीजवळचे ऊर्ध्व वैतरणेचे पाणी देशावरचे असूनही मुंबईच्या नळाला येते. तेव्हा पहिल्या दोन खुणाच सर्वत्र एकमेकींशी जुळत नाहीत.

दुसरी खूण : पाऊस, पीक आणि गुरे

पाऊस कड्याशी थांबतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ढग कडा चढताना सर्वांत जास्त पाऊस माथ्यावर पडतो आणि तेथून पूर्वेला तो झपाट्याने कमी होतो. अकोले तालुक्यातील रतनवाडी-घाटघरकडे वर्षाला ४००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला सुमारे ५५ कि.मी. अंतरावरच्या संगमनेरला तो ५०० मि.मी.च्या आसपास येतो.

याचा परिणाम शेतीवर होतो. खाली शहापूर-मुरबाडला भात, उतारावर नाचणी आणि वरई. घाट चढून गेलो तरी पिके तीच राहतात, कारण पाऊस तोच आहे. भाताची जागा बाजरी घेते ती आणखी पूर्वेला. देशावरचे लोकही या घाटाजवळच्या पट्ट्याला 'देश' म्हणत नाहीत. कोठे तो 'मावळ' असतो, कोठे 'डांगाण'. मुसळधार पावसात चिखलणी करू शकणारी डांगी गुरे कड्याच्या दोन्ही अंगांना आढळतात : अकोले-इगतपुरीलाही आणि ठाण्याच्या डोंगराळ भागातही. ताटातल्या भाकरीवरून सीमा ठरवायची झाली, तर ती कड्यावरून उचलून बरीच पूर्वेला न्यावी लागेल.

तिसरी खूण : माणसे

महादेव कोळी आणि ठाकर या जमाती घाटाच्या वर आणि खाली दोन्हीकडे राहतात. ज्या कड्याला आपण भिंत समजतो तो त्यांच्या प्रदेशाच्या कडेला नसून मधोमध आहे. राघोजी भांगरे यांचे उदाहरण पाहा. ते अकोले तालुक्यातील देवगावचे. इंग्रजांविरुद्धचा त्यांचा लढा घाटावर आणि घाटाखाली असा दोन्हीकडे पसरला होता, आणि २ मे १८४८ रोजी त्यांना फाशी झाली ती ठाण्याच्या तुरुंगात. सरकारच्या दृष्टीने हे वेगवेगळे जिल्हे होते, पण डोंगर ज्यांच्या पायाखालचा होता त्यांच्या दृष्टीने तो एकच मुलूख होता.

आता नाणेघाट. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढणारी ही वाट जुन्नरकडे जाते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. तो साधारणपणे इ.स. पूर्व पहिल्या शतकातला मानतात. यज्ञात दान दिलेल्या गाई आणि नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले असल्याने गणिताच्या इतिहासातही या लेखाला मान आहे. दहा, शंभर, हजार यांना तेथे स्वतंत्र चिन्हे आहेत, स्थानमूल्याची पद्धत अजून आलेली नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की आपल्या घराण्याचे पुतळे आणि लेख राजघराण्याने कोरून घेतले ते राजधानीत नव्हे, तर कोकण आणि देश यांच्या उंबरठ्यावर. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल येथून वर जात होता. जी जागा आपण नकाशावर शेवट म्हणून दाखवतो, ती त्या काळी वर्दळीची होती.

ही देवघेव पुढेही चालू राहिली. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी जत्रा बैलांसाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मेंढ्यांना कोकणचा ओलावा मानवत नाही, पण पावसात घोंगडीची गरज मात्र कोकणातच अधिक. दोन प्रदेश वेगळे आहेत म्हणूनच त्यांच्यात बाजार भरतो.

चौथी खूण : बोली

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरील खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देशावरची मराठी आणि कोकणातली मराठी असे वेगळे भाग केले आहेत. पण दोन्हींमध्ये नेमकी रेघ कोठे ओढावी? आगरी बोलीत 'ळ'च्या जागी 'ल' येतो : 'डोळा'चा 'डोला' होतो. 'ण'च्या जागी 'न' मात्र, म्हणजे 'पाणी'चे 'पानी', घाटावरच्या खेड्यांतही सर्रास ऐकू येते. 'ल'ची रेघ ओढली तर सीमा एका जागी येते, 'न'ची ओढली तर सीमाच नाहीशी होते.

हा अनुभव केवळ आपला नाही. १८७६ मध्ये गेऑर्ग वेंकर या जर्मन अभ्यासकाने ड्युसेलडॉर्फ परिसरातील शाळामास्तरांना टपालाने काही वाक्ये पाठवली आणि ती गावच्या बोलीत लिहून परत मागवली. पुढे हे काम संपूर्ण जर्मनीभर वाढले आणि हजारो शिक्षकांनी त्याला उत्तरे दिली. उत्तरेची आणि दक्षिणेची बोली एका स्वच्छ रेषेने वेगळी दिसेल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. 'मी', 'करणे', 'गाव', 'ते' या शब्दांच्या उच्चारांच्या रेषा पूर्वेकडे बऱ्याचशा जवळून जातात, पण ऱ्हाईन नदीपाशी पंख्याच्या काड्यांसारख्या फाकतात. एकेका शब्दाची सीमा वेगळी. शिक्षकांच्या उत्तरांतून भाषाशास्त्राला मिळालेला हा धडा आजही शिकवला जातो.

मग सीमा नाहीच का?

सीमा आहे, पण ती रेघ नसून पट्टा आहे. कडा, जलविभाजक, पाऊस, पीक, जमात, बोली अशा अनेक रेघा आहेत. जेथे त्या एकमेकींच्या जवळ येतात तेथे फरक ठळक वाटतो, जेथे पांगतात तेथे तो धूसर होतो. शहापूर-मुरबाड आणि त्यांच्या वरचे तालुके मिळून असाच एक पट्टा होतो. पट्ट्याची रुंदी मोजता येते, आणि म्हणूनच हा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत येतो.

आणखी एक सावधगिरी हवी. १८८४ नंतर नोंद नसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तेव्हा तो सातपुड्याच्या बाजूचा पक्षी मानला गेला. २०१४ मध्ये तो तानसाच्या जंगलात दिसला. नकाशावरची कड कित्येकदा पक्ष्याची नसते, पाहणाऱ्याची असते.

पक्ष्याला याने फरक पडत नाही, माणसाला पडतो. अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकर, महादेव कोळी यांसारख्या जमातींपुढे पूर्वी ठरावीक तालुक्यांची नावे असत. त्या तालुक्यांबाहेरच्या कुटुंबाला, आडनाव आणि आप्त तेच असूनही, जमातीचा दाखला मिळणे कठीण होई. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने काढली. पुढेही दाव्यांची तपासणी करताना चालीरीती आणि बोली जुळतात का, हे पाहिले जाई. अशी चाचणी हा निर्णायक निकष मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले. पट्ट्याच्या जागी रेघ ओढली, की कोणीतरी चुकीच्या बाजूला पडतो. मग एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती किंवा प्रवेश त्या रेघेवर अडतो.

वर्गासाठी एक प्रयोग

वेंकरचा प्रयोग आपल्याला करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना सहा प्रश्न विचारावेत : पावसाळ्यात भाकरी कशाची होत असे? 'डोळा' आणि 'पाणी' कसे म्हणता? आजी कोणत्या गावाहून लग्न होऊन आली? कुलदैवत कोठे आहे? आठवड्याचा बाजार कोणता? जत्रा कोणती? उत्तरे ऐकू येतील तशीच लिहावीत, शुद्ध करू नयेत. मग तालुक्याच्या नकाशावर प्रत्येक प्रश्नासाठी वेगळ्या रंगाची रेघ ओढावी. जमल्यास घाटाच्या दुसऱ्या बाजूच्या शाळेला हेच प्रश्न पत्राने पाठवावेत.

सहा रंगांच्या सहा रेघा एकावर एक क्वचितच पडतील. त्या तशा का पडल्या नाहीत, याची चर्चा वर्गात झाली की कोकण कोठे संपते या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकापेक्षा खरे उत्तर मुलांच्या हाती आलेले असेल.