बुद्धी, बळ आणि यंत्र : बुद्धिबळाच्या आज्ञावलींचा इतिहास

‘बुद्धिबळ’ हा सामासिक शब्द मराठी माणूस इतक्या सहजतेने वापरतो की, त्याचा विग्रह करण्याची आवश्यकता त्यास सहसा भासत नाही. ‘बुद्धीचे बळ’ असा विग्रह केल्यास तो षष्ठी तत्पुरुष ठरतो. ‘बुद्धी हेच बळ’ असा केल्यास कर्मधारय. ‘बल’ या संस्कृत शब्दाचा ‘सैन्य’ असाही अर्थ असल्यामुळे, आणि हा खेळ मुळात चतुरंग सेनेचा असल्यामुळे, ‘बुद्धीने लढणारे सैन्य’ ही छटाही त्यात सामावून जाते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर हा खेळ यंत्राच्या स्वाधीन करण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा या समासाची आणखी एक फोड पुढे आली. ती द्वंद्वाची : बुद्धी आणि बळ. यंत्राने मोजक्या चाली निवडून त्यांचाच खोल विचार करावा, की संभवनीय अशी प्रत्येक चाल तपासून पाहावी, हा तो वाद होय. आज्ञावलीकारांच्या तीन पिढ्या या वादात खर्ची पडल्या, आणि अखेरीस जे हाती आले ते या दोहोंपैकी एकाही पक्षाने कल्पिलेले नव्हते.

यंत्रापूर्वी या खेळाचे ज्ञान कोणत्या रूपाने साठविले जात असे, हे आधी पाहिले पाहिजे. मुंबई येथे 1814 साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मूळ संस्कृतातून केलेले हे भाषांतर युरोपीय पद्धतीच्या खेळास जुळवून घेतलेले होते. त्यात प्राधान्य आहे ते मांडलेल्या डावांना : सोंगट्यांची एक विवक्षित अवस्था द्यावयाची आणि तीतून मात कशी होते ते दाखवावयाचे. अमुक अवस्था चांगली का, याचे सर्वसामान्य नियम सांगण्यापेक्षा उदाहरणांनी शिष्याची दृष्टी तयार करावी, ही परंपरेची रीत. उरलेले ज्ञान जाणत्या खेळाडूच्या तोंडी असे. ‘घोडा आत घे’, ‘हे प्यादे पुढे दुबळे पडेल’ अशा वाक्यांनी ते एका पिढीकडून दुसरीकडे जाई. यंत्रास मात्र ‘दुबळे’ म्हणजे काय, हे अंकांत सांगावे लागते. आज्ञावलीकाराची अडचण येथूनच सुरू होते.

अॅलन ट्यूरिंग आणि डेव्हिड चॅम्परनाउन यांनी 1948 साली बुद्धिबळाची एक आज्ञावली तयार केली. पण ती चालवू शकेल असे यंत्र उपलब्ध नव्हते. 1952 मध्ये ट्यूरिंगने स्वतःच यंत्राची भूमिका घेतली आणि कागदावर हिशेब मांडीत अॅलिक ग्लेनी याच्याशी डाव खेळला. एकेका चालीस अर्धा अर्धा तास लागे. आज्ञावली हरली. मनुष्याने यंत्राचे सोंग घ्यावे, अशा या प्रसंगाने या इतिहासाचा आरंभ व्हावा, ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

तात्त्विक पाया घातला तो क्लॉड शॅननने. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने यंत्रापुढील कार्याचे दोन भाग पाडले : पुढील चालींचा शोध आणि त्या शोधाच्या टोकाशी आलेल्या अवस्थेचे मूल्यमापन. संपूर्ण शोध अशक्य आहे हे उघड होते, कारण त्याच्या अंदाजाप्रमाणे संभाव्य डावांची संख्या एकावर 120 शून्ये इतकी भरते. म्हणून कोठे तरी थांबून अवस्थेचा कस ठरविणे प्राप्त होते. शॅननने वजिरास 9, हत्तीस 5, उंट व घोडा यांस प्रत्येकी 3 आणि प्याद्यास 1 असे गुण दिले. एकामागे एक अडकलेल्या प्याद्यांबद्दल अर्धा गुण वजा केला. आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक चालीमागे एक दशांश गुण धरला. पुढील सुमारे सत्तर वर्षांतील हस्तलिखित मूल्यमापने म्हणजे बव्हंशी या कोष्टकाचाच विस्तार होय.

या कोष्टकाचे स्वरूप ध्यानात येण्यास अकोले तालुक्यातील राजूरचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. मुसळधार पावसात भातखाचरात टिकून राहणारी ही जात; तेलकट कातडी आणि कठीण काळे खूर ही तिची ख्यात लक्षणे. परीक्षकास कातडी, खूर, बांधा अशा एकेका लक्षणाचे गुण देऊन बेरीज करता येते. परंतु जन्मभर जनावरे पाळलेला शेतकरी बैलाभोवती एक फेरी मारतो आणि निर्णय सांगतो. त्याला कारण विचारावे, तर तो चार लक्षणे सांगेलही. पण त्या चार लक्षणांची बेरीज म्हणजे त्याची पारख नव्हे. बुद्धिबळाच्या आज्ञावलीकारांना ही पारख हवी होती, आणि हाती होते ते गुणांचे कोष्टक.

शोधाच्या बाबतीत शॅननने दोन मार्ग सांगितले होते. पहिला सर्व चाली ठराविक खोलीपर्यंत पाहण्याचा, म्हणजे बळाचा. दुसरा आशादायक चाली निवडण्याचा, म्हणजे बुद्धीचा. त्याचा स्वतःचा कल दुसऱ्याकडे होता, आणि विद्वानांचाही असावा हे स्वाभाविक आहे. 1966 ते 1967 या काळात स्टॅनफर्डची आज्ञावली आणि मॉस्कोच्या सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकी संस्थेची आज्ञावली यांच्यात तारेने चाली कळवून चार डाव झाले. अमेरिकी आज्ञावली चाली निवडून पाहणारी. रशियन आज्ञावली सर्व चाली पाहणारी. रशियन पक्षाने 3-1 असा विजय मिळविला. याच परंपरेतील ‘काइसा’ 1974 मध्ये स्टॉकहोम येथे पहिली जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धा जिंकून गेली. तत्पूर्वी 1973 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्लेट आणि अॅटकिन यांनी आपल्या आज्ञावलीतील निवड करणारा भागच काढून टाकला होता. निवडीत एखादी निर्णायक चाल गळाली की सारे मुसळ केरात जाई. सर्वच चाली पाहिल्या तर ही भीती राहत नाही. शिवाय प्रतिपक्षाचे एक चोख उत्तर सापडले की त्या चालीवरील इतर उत्तरे तपासण्याचे कारण उरत नाही. या साध्या तत्त्वावरील छाटणीमुळे निष्कर्षात फरक न पडता कष्ट मात्र पुष्कळ वाचतात.

बुद्धीच्या पक्षाची शोकांतिका मिखाइल बोट्विनिक याच्या वाट्यास आली. तीन वेळा जगज्जेता झालेला हा खेळाडू व्यवसायाने विद्युत अभियंता होता. श्रेष्ठ खेळाडू कसा विचार करतो ते आपणास ठाऊक आहे, तेव्हा तोच विचार यंत्रात उतरवावा, अशी त्याची प्रतिज्ञा होती. ‘पायोनियर’ नावाच्या आज्ञावलीवर त्याने आपल्या उत्तरायुष्याची अनेक वर्षे वेचली; ती पूर्ण डाव खेळण्याच्या स्थितीस कधीच पोहोचली नाही. येथे बोट्विनिकचे अज्ञान आडवे आले असे म्हणता येत नाही. ज्याला हा खेळ सर्वाधिक कळत होता, त्यालाच तो सांगता आला नाही. मातृभाषा अस्खलित बोलणाऱ्यास तिचे व्याकरण लिहावयास सांगितले असता त्याची जी अवस्था होते, तिच्याशी याचे साम्य भाषाभ्यासकाच्या सहज ध्यानात येईल.

यानंतरचा काळ बळाचा. युनिक्स प्रणालीचा एक निर्माता केन थॉम्पसन आणि जो कॉन्डन यांनी बेल प्रयोगशाळेत ‘बेल’ हे खास बुद्धिबळासाठीच यंत्र घडविले. त्याने 1980 साली जागतिक स्पर्धा जिंकली आणि 1983 मध्ये अमेरिकेत मास्टरचा दर्जा मिळविला. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात फेंग-शुंग शू, मरे कॅम्पबेल व थॉमस अनंतरामन यांच्या हातून जी परंपरा सुरू झाली, तिचा शेवट आयबीएमच्या ‘डीप ब्लू’मध्ये झाला. सेकंदास सुमारे 20 कोटी अवस्था पाहणाऱ्या या यंत्राने मे 1997 मध्ये न्यूयॉर्क येथे गॅरी कास्पारोव्हचा साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी पराभव केला. तथापि या विजयास निर्भेळ बळाचा विजय म्हणणे चूक होईल. सहाव्या डावात घोड्याचा बळी देणारी निर्णायक चाल यंत्राने शोधलेली नव्हती. ती त्याच्या प्रारंभसंग्रहात माणसांनी आधीच भरून ठेवलेली होती. उलट दुसऱ्या डावात कास्पारोव्हने ज्या अवस्थेत शरणागती पत्करली ती बरोबरीची होती, असे नंतरच्या विश्लेषणात दिसून आले. कास्पारोव्हला यंत्राच्या चालींत मनुष्याचा हात भासला, हेही मोठे सूचक आहे.

पुढील दशकात खास यंत्रे मागे पडून साध्या संगणकावर चालणाऱ्या आज्ञावली पुढे आल्या, आणि एक निराळाच प्रश्न उपस्थित झाला. फाब्यां लेतूझे या फ्रेंच आज्ञावलीकाराने ‘फ्रूट’ची मूळ संहिता 2005 मध्ये सर्वांस खुली केली. त्यानंतर लवकरच वासिक राजलिख यांची ‘रिब्का’ सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे गेली. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय संगणक क्रीडा संघटनेने ‘फ्रूट’ व ‘क्राफ्टी’ यांतील उचलीचा ठपका ठेवून तिची 2007 ते 2010 मधील विजेतेपदे काढून घेतली. राजलिख यांनी आरोप नाकारला. शब्द उचलला तर चौर्य आणि कल्पना घेतली तर विद्या, ही सीमारेषा वाङ्मयातही सुस्पष्ट नाही. आज्ञावलीत तर कल्पना आणि शब्द यांतील अंतर फारच थोडे असते. म्हणून हा वाद निकालानंतरही मिटला नाही.

‘स्टॉकफिश’ने या प्रश्नाला बगल दिली. टॉर्ड रोमस्टाड यांच्या ‘ग्लाउरुंग’वरून मार्को कोस्टाल्बा यांनी 2008 मध्ये ती सिद्ध केली आणि तिची संहिता प्रारंभापासून सार्वजनिक राहिली. 2013 पासून प्रत्येक फेरफार स्वयंसेवकांच्या संगणकांवर सहस्रावधी डावांत तपासला जाऊ लागला. एखादा नियम बुद्धिबळाच्या दृष्टीने सुज्ञ आहे की नाही, हे कोणी विचारीनासे झाले. डावांची संख्या अनुकूल असली की तो नियम राहिला.

डिसेंबर 2017 मध्ये ‘अल्फाझीरो’चे वृत्त आले. तिला खेळाचे नियम तेवढे सांगितले होते. शॅननचे कोष्टक नव्हते, मांडलेले डाव नव्हते. स्वतःशीच खेळून ती शिकली आणि ‘स्टॉकफिश’च्या तत्कालीन आवृत्तीशी झालेल्या 100 डावांपैकी 28 जिंकून 72 बरोबरीत सोडविले, एकही गमावला नाही. ‘स्टॉकफिश’ सेकंदास सुमारे 7 कोटी अवस्था पाही; ‘अल्फाझीरो’ 80 हजार. म्हणजे निवडीचा, बुद्धीचा मार्ग परत आला. मात्र कोणत्याही बोट्विनिकने तो शब्दांत सांगितलेला नव्हता. भाषाशास्त्रातही हेच वळण घडले आहे. ज्या शॅननने बुद्धिबळाचे कोष्टक दिले, त्यानेच 1951 मध्ये इंग्रजी मजकुरातील पुढचे अक्षर कितपत ओळखता येते याचा हिशेब मांडला होता. यांत्रिक भाषांतराच्या प्रारंभीच्या प्रयत्नांत भर नियमांवर होता; पुढे नियम बाजूस पडून पुढचा शब्द ओळखण्यास शिकलेली यंत्रे आली.

सप्टेंबर 2020 मध्ये ‘स्टॉकफिश’ने मूल्यमापनासाठी कृत्रिम चेतापेशींचे एक लहान जाळे स्वीकारले. यू नासू यांनी 2018 मध्ये जपानी ‘शोगी’साठी योजिलेली ही रचना. प्रारंभीची जाळी जुन्या ‘स्टॉकफिश’नेच काढलेल्या मूल्यांवरून शिकविली गेली. काही काळ हाताने लिहिलेले मूल्यमापन तिच्या शेजारी टिकून राहिले. 2023 मध्ये ते संहितेतून काढून टाकण्यात आले. दुबळी प्यादी, उघड्या स्तंभावरील हत्ती, राजाची सुरक्षितता यांविषयी कित्येकांनी कित्येक वर्षे तोलून लिहिलेल्या त्या ओळी होत्या. त्यांच्याशिवाय आज्ञावली दुबळी होत नाही, हे आता डावांच्या संख्येने सिद्ध झाले होते.

महाराष्ट्रातील खेळाडूंच्या पिढ्याही या कालक्रमाशी विलक्षण जुळतात. मुंबईचे प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले ते 1997 मध्ये, ‘डीप ब्लू’च्या वर्षी, त्यांची घडण पुस्तके, पट आणि प्रतिस्पर्धी यांवर झालेली. राजूरपासून डोंगरापलीकडच्या नाशिकचे विदित गुजराथी यांनी हा किताब 2013 मध्ये मिळविला. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा साध्या मोबाइलवरील इंजिनही कोणत्याही जगज्जेत्याहून बलवान झालेले होते. या पिढीच्या खेळाडूस अवस्थेचा कस एका दशांश अपूर्णांकात मिळतो. तो अपूर्णांक तसा का, हे इंजिन सांगत नाही, आणि ते घडविणाऱ्यांनाही सांगता येत नाही. म्हणून प्रशिक्षकास अद्याप ‘हे प्यादे पुढे दुबळे पडेल’ असेच म्हणावे लागते. संहितेतून वगळलेले ते वाक्य पटाशेजारी अजून बोलले जाते.

‘स्टॉकफिश’बरोबर कर्त्यांच्या नावांची एक स्वतंत्र यादी दिलेली असते. ज्यांनी लिहिलेली एकही ओळ आता संहितेत उरलेली नाही, अशांचीही नावे तीत आहेत.