डहाणू-तलासरीतील कामगारसुरक्षेचे शिक्षण

स्वातंत्र्यापूर्वी डहाणू आणि तलासरीच्या रानांत गवतकापणी हे मोठे हंगामी काम होते. पावसाळा सरला की वारली मजूर विळे घेऊन जमीनदाराच्या रानात उतरत. विळ्याचा घाव, गवतात दडलेला साप आणि वाळल्या गंजीला लागणारी आग ही या कामाची नेहमीची जोखीम. दुखापत झाली तर पाड्यावरचा भगत हाच आधार असे. १९४५ च्या वारली उठावात वेठबिगारी बंद व्हावी आणि पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मिळावी, या मागण्या पुढे आल्या. तेव्हा लढा पोटाचा होता. सुरक्षेचा विषय नंतर आला, तोही कारखान्यांच्या वाटेने.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी बंधनकारक केली. पाचशेहून अधिक कामगार असल्यास उपचारांसाठी स्वतंत्र खोली लागे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मिळवणे हा कामगाराचा हक्क ठरला. मात्र विजेवर चालणाऱ्या जागी किमान दहा आणि विजेविना वीस कामगार असले, तरच ती जागा या कायद्यात कारखाना ठरे.

डहाणूत ही मर्यादा महत्त्वाची होती. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, उद्योगांची जागा पाचशे एकरांपुरती मर्यादित झाली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवायचे ठरले. औष्णिक वीजकेंद्रासारखा मोठा प्रकल्प अपवाद. बाकी फुग्यांसारखे लहान उद्योग; त्यांतल्या या मर्यादेखालच्या जागा कायद्याबाहेर राहत, पण धोके तिथेही असत. फुग्याचे साचे द्रवरूप रबरात बुडवतात. ते रबर गोठू नये म्हणून त्यात अमोनिया असतो. तो डोळ्यांत गेला तर चोळायचे नाही, भरपूर पाण्याने डोळे धूत राहायचे आणि डॉक्टरांकडे जायचे. रबर पेटले तर काळा, गुदमरवणारा धूर होतो. म्हणून बाहेरची वाट मोकळी ठेवावी लागते. आग लहान असेल तरच अग्निशामक नळकांड्याची पिन ओढून फवारा ज्वाळेच्या बुडाशी धरायचा. विजेच्या आगीवर पाणी मारायचे नाही.

शेतमजुरांपर्यंत शिक्षण पोहोचले ते आरोग्यसेवेतून. गेल्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेने डहाणूत सर्पदंशावर काम केले. त्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत भगतांनाही सामील करून घेतले. दंश झालेला अवयव हलू द्यायचा नाही, जखम कापायची नाही, आवळपट्टी बांधायची नाही. रुग्णाला थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यायचे, हा त्यातील गाभा.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. २०१९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या तेथे आल्या आणि घराबाहेर राहणाऱ्यांसाठी तंबू उभे राहिले. आपत्तीत काय करायचे, हा विषय अशा रीतीने कारखान्याच्या फाटकाबाहेर, पाड्यांवर आणि शाळांत पोहोचला.