बटाट्याचें नांव : शब्द आणि वस्तु

तेरेखोल नदीच्या तीरावरील बांदा हें आदिलशाहींतलें जुनें व्यापारी ठिकाण. इ. स. १५१० त पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें आणि त्यांची सत्ता या गांवाच्या शेजारास आली. त्या शेजाराचे शब्द, पाव, काजू, पगार, चावी, मराठींत कायमचे राहिले. बटाटा त्यांतलाच. एवढ्यावरून सोळाव्या शतकांतच पोर्तुगीजांनीं येथें बटाट्याची लागवड केली, असें पुष्कळदां लिहिलें जातें. हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं.

पोर्तुगीज 'बताता' हा शब्द मूळचा हैतीकडील ताइनो लोकांचा, आणि त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ रताळें असा होता. बटाटा हा अँडीज पर्वतांतला निराळा कंद. तिकडे त्यास 'पापा' म्हणत. युरोपांत दोन्ही नांवांची गल्लत झाली. आसफखानानें सर टॉमस रो यास दिलेल्या मेजवानींत 'पोटॅटो' होते, असें एडवर्ड टेरी आपल्या १६५५ च्या ग्रंथांत सांगतो. पण तीं रताळीं असण्याचाच संभव अधिक. आमच्याकडे तर मौजच झाली! रताळ्यास संस्कृत 'रक्तालु'पासून नांव मिळालें व रताळ्याचें परकी नांव बटाट्यास चिकटलें. हिंदीनें मात्र जुना 'आलु' शब्दच बटाट्यास दिला. मोन्सिन्योर दाल्गादो यांनीं १९१३ च्या ग्रंथांत पोर्तुगीज शब्दांचा आशियाई भाषांतील प्रसार दाखविला आहे. त्यावरून शब्दाची वाट कळते, पिकाची तिथि कळत नाहीं.

इटलींत उकडलेला बटाटा व पीठ मळून लहान गोळे करतात आणि ते पाण्यांत शिजवितात. त्यांस 'न्योक्की' म्हणतात. कोणी हें नांव लाकडांतील गांठ या अर्थाच्या 'नोक्क्यो' शब्दापासून काढतात, कोणी बोटाचें पेर या अर्थाच्या लोंबार्ड शब्दापासून. व्युत्पत्ति कोणतीही घ्या, तींत बटाटा नाहीं. कारण हे गोळे पूर्वीं पिठाचे व पावाचे होत, बटाटा मागाहून आंत शिरला. आमच्या वड्याचेंही तसेंच. बाराव्या शतकांतील 'मानसोल्लासां'त उडदाचा 'वटक' आहे. म्हणून चालुक्यांच्या पानांत बटाटावडा होता असें कोणी म्हणणार नाहीं. मग एका 'बटाटा' शब्दावर सोळाव्या शतकांतलें पीक कां उभें करावें?

बांद्याकडील जुन्या वह्यांत किंवा जकातीच्या यादींत हा शब्द कोणास आढळल्यास त्यानें सबंध यादी उतरून घ्यावी. त्याच यादींत 'रताळीं' निराळीं लिहिलेलीं असतील, तर तो बटाटा मानण्यास आमची हरकत नाहीं.