स्पे नदीवरील फेक

सॅल्मन माशासाठी गळाला पिसांची जी कृत्रिम माशी बांधतात, तिला वजन असे नसतेच. फेकीचे सारे वजन दोरीनेच वाहावे लागते. स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या काठी चढ व झाडी अशी, की दोरी मागे झुलविण्यास जागा मिळत नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकात तेथे दोरीचे टोक पाण्यावर टेकवून, काठीमागे तिचा वळसा पाडून, पाण्याच्याच आधाराने ती पुढे फेकण्याची रीत बसली. अडचणीतून निघालेली ही युक्ती मोकळ्या नदीवरही टिकली, हे विशेष.

घोड्याच्या केसांची दोरी मागे पडून जवसाच्या तेलात मुरविलेली रेशमी दोरी आली. टोकाकडे ती निमुळती होत जाई, त्यामुळे आसुडाप्रमाणे वेग टोकापर्यंत पोचे. वापरानंतर वाळविली नाही तर मात्र कुजे! इन्व्हर्नेसचे अलेक्झांडर ग्रँट हे व्हायोलिन बनविणारे. कंपनाचा विचार त्यांनी काठीस लावला व १८९५ साली थेम्स नदीवर ६५ यार्डांची फेक केली. १९५० नंतर प्लास्टिकच्या लेपाने कुजणे थांबले. आता जड भाग आखूड ठेवून मागची बारीक दोरी हातातून सोडतात; अंतर त्याने वाढते खरे, पण ग्रँट यांच्या फेकीशी त्याची तुलना आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्यांनी सबंध दोरी पाण्यावरून उचलून फेकली होती.